दप्तरातील खोटी नोंद

मद्रासेत १९८६ साली डॉ. सुनीती सॉलोमन यांनी तपासणीस घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांत एचआयव्हीचा भारतातील पहिला पुरावा मिळाला. त्या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेतीलच मराठी घरातल्या. म्हणून या रोगाचा इतिहास आम्हां परप्रांतस्थांस परका वाटत नाही.

या विषाणूची रीत धूर्त. तो आपला मजकूर पेशीच्या मूळ दप्तरात घुसडतो. मग पेशी इमानाने त्याच्याच नकला काढीत बसते. ही खोटी नोंद करणारे विकर म्हणजे इंटिग्रेज. या रोगावर पहिले औषध १९८७ साली आले, तीन औषधांचा एकत्र उपचार १९९६ साली रूढ झाला. परंतु इंटिग्रेजचा हात धरणारे पहिले औषध, राल्टेग्राव्हिर, अमेरिकेत मान्य होण्यास २००७ साल उजाडले. २०१३ साली डोल्युटेग्राव्हिर आले. त्याला चकविणे विषाणूस फार कठीण जाते.

तथापि शोध लागणे निराळे आणि औषध गरिबाच्या हाती पडणे निराळे. भारतीय कारखान्यांनी ते परवान्याने बनविले, तेव्हा २०१७ च्या करारान्वये तीन औषधांच्या एका गोळीचा खर्च गरीब देशांच्या सरकारांस वर्षाला माणशी सुमारे ७५ डॉलरवर आला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने डोल्युटेग्राव्हिरला उपचारात अग्रस्थान दिले.

आधीच झालेली नोंद मात्र हे औषध खोडीत नाही; गोळी जन्मभर घ्यावी लागते. दूरच्या जिल्ह्यांत साठ्याच्या वह्या तपासणाऱ्या आम्ही हे विसरू नये. तिथे एक महिना कोरा राहिला, की हा सारा इतिहास त्या रुग्णाच्या दाराशीच थांबतो.