अंबाजी शिंदे : कागदावर दागिने घडवणारा माणूस

स्मरणिकेच्या मंडळींनी सांगितले, "तुझ्या क्षेत्रातले, पण इतिहासाचे काहीतरी लिही." माझे क्षेत्र म्हणजे दागिन्यांचे डिझाइन. अंधेरी पूर्वेला, आपल्या शाळेपासून शेअर रिक्षाने जाता येईल अशा सीप्झमध्ये माझी सगळी नोकरी झाली. आपल्या ग्रुपवर अजूनही कोणीतरी विचारतेच, "म्हणजे तू सोनारकाम करतेस का?" नाही. सोने मी घडवत नाही, दागिना कागदावर काढते. हा स्वतंत्र व्यवसाय आहे हे आपल्याकडे फारसे माहीत नाही, आणि या व्यवसायात जगात फार वर पोहोचलेला एक माणूस मराठी मुलखातला होता, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक आहे. त्यांच्याबद्दल लिहिते.

अंबाजी व्यंकटेश शिंदे. जन्म १९१७, गोव्यातील म्हापसा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य होते. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले आणि पुढे मुंबईच्या झवेरी मंडळींकडे दागिन्यांची चित्रे काढू लागले. गिऱ्हाईक होते संस्थानिक. महाराजांना किंवा महाराणींना आधी रंगवलेला कागद दाखवायचा, पसंती मिळाली की मगच कारागिराने सोन्याला हात लावायचा, अशी रीत होती. ते चित्र म्हणजे एका अर्थी करारच. पाचू केवढा, हिरे किती, मोत्यांचे सर किती, सगळे खऱ्या मापात काढलेले असे. कागदावर मोती जरा मोठा रंगवला आणि तिजोरीतला लहान निघाला, तर बोलणी डिझायनरने खायची.

हे चित्र कसे काढतात ते सांगते, कारण त्याचा आपल्या शाळेशी संबंध आहे. करड्या किंवा गडद कागदावर गवाश नावाच्या अपारदर्शक जलरंगात काम करायचे. उजेड नेहमी डावीकडून, वरून येतो असे धरायचे. गंमत अशी की पारदर्शक हिऱ्यात उजेड आत शिरून पलीकडे उतरतो, म्हणून रत्नाची डावी वरची बाजू गडद आणि उजवी खालची बाजू उजळ रंगवतात. मोती मात्र उलट, कारण तो उजेड वरूनच परतवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी सर शाळा सुटल्यावर आपल्याला थांबवून घेत. आठवतात का ते पेपर? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. संकल्पचित्रात दिलेल्या आकारात नक्षी बसवायची, अर्धी काढून ट्रेसिंगने दुसरीकडे उलटवायची. नेकलेसचे डिझाइन आजही तसेच काढतात. डावी बाजू काढा, उजवी आपोआप मिळते. गणिताचा पोर्शन राहिला की आपला चित्रकलेचा तास हमखास जायचा. आज सांगते सर, माझे घर त्याच तासावर चालले.

शिंद्यांच्या हातात दोन परंपरा एकत्र आल्या, आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण तिथे आहे. आपल्या जुन्या जडावाच्या कामात रत्नामागे चमकदार पत्रा असतो, आत लाख भरलेली असते आणि शुद्ध सोन्याच्या कोंदणाने रत्न बंदिस्त केलेले असते. उजेड फक्त समोरून येतो. तन्मणीचे खोड पाहा, म्हणजे कळेल. युरोप-अमेरिकेत प्लॅटिनम आल्यावर रत्न उघडे झाले. बारीक नख्यांनी ते धरायचे, मागची बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे उजेड आरपार खेळतो. न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने हे टोकाला नेले. नाताळात दारावर टांगलेल्या पानांच्या चक्राकडे पाहून त्याच्या मनात आले, की इथे पानांनीच आकार धरला आहे, तर हिऱ्यांनीच दागिन्याचा आकार का धरू नये? मग धातू जवळजवळ दिसतच नाही असे, वेगवेगळ्या कोनांत बसवलेल्या हिऱ्यांचे गुच्छ त्याच्या पेढीत तयार होऊ लागले.

संस्थाने विलीन झाली तेव्हा आपल्याकडची रत्ने अशा पेढ्यांकडे वाहू लागली. बडोद्याच्या महाराणी सीतादेवींच्या हिरे-पाचूंच्या तोरड्या विन्स्टनने १९५३ साली विकत घेतल्या आणि त्यातली रत्ने काढून गळ्यातला हार केला. तो डचेस ऑफ विंडसरने घेतला. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात सगळे त्या हाराचे कौतुक करत असताना, तिथे हजर असलेल्या सीतादेवी म्हणाल्या की ही रत्ने माझ्या पायांतही छानच दिसत होती. डचेसने हार परत केला, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. लोक ती हसून सांगतात. मला मात्र त्या तोरड्या घडवणाऱ्यांचा विचार येतो. रत्ने राहिली, घडण वितळली.

शिंदे १९६० च्या दशकात विन्स्टनकडे गेले आणि तिथे मुख्य डिझायनर झाले. संस्थानिकांची रत्ने त्यांनी मुंबईत हाताळलेली होतीच. पाचूचा मणी खाली लोंबता ठेवला की गळ्याला काय शोभा येते, कोयरीचा बाक कुठे वळवायचा, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. तीच समज त्यांनी विन्स्टनच्या बिनधातूच्या गुच्छांत उतरवली. विन्स्टन १९७८ मध्ये वारला. शिंदे त्यानंतरही काम करत राहिले आणि २००१ साली, ऐंशी उलटल्यावर, निवृत्त झाले. २००३ मध्ये ते गेले.

ते इथेच राहिले असते तर? चीन युद्धानंतर १९६३ साली मोरारजीभाईंनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी झाली. आपल्या आयांच्या लग्नातल्या दागिन्यांच्या गोष्टींत हे १४ कॅरट हमखास येते. हजारो सोनारांचा धंदा बसला, काहींनी जीव दिला. अट पुढे सैल झाली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला. त्या काळात स्वतःच्या कल्पनेने दागिना करून स्वतःच्या नावाने विकणारा कलावंत आपल्याकडे उभा राहणे कठीणच होते. आज मुंबईत स्वतःचा स्टुडिओ असलेले जवाहिरे आहेत, त्यांच्या वस्तू परदेशी लिलावात जातात. तो रस्ता १९९० नंतर रुंद झाला.

सीप्झची कथा याच काळातली. १९७३ साली ते इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभारले. जडजवाहिराला तिथे जागा मिळाली १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. मी लागले तेव्हा आम्ही गवाशमध्येच रंगवत होतो. नंतर कॉम्प्युटर आला. आता स्क्रीनवरचे डिझाइन यंत्र थेट मेणात काढते, मेणाचा साचा होतो, साच्यात सोने ओततात. बाहेर पडताना झडती होते. कारागिरांच्या हात धुण्याचे पाणीसुद्धा वाया जाऊ देत नाहीत, कारण त्यात सोन्याचा कीस असतो. आणि डिझाइनला नाव नसते, नंबर असतो. मी काढलेली पेंडंट्स अमेरिकेतल्या दुकानांत विकली जातात, एवढेच मला माहीत. एकदा मी एका पेढीच्या मालकांना विचारले होते, की निदान कॅटलॉगमध्ये डिझायनरांची नावे छापाल का? ते म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक नाव नाही, हिरा घेतं."

शिंद्यांचेही तसेच झाले असते. दागिन्यांवर नाव विन्स्टनचेच आहे. पण त्यांची चित्रे उरली, आणि रीमा केसवानी यांनी 'शिंदे ज्वेल्स' हे इंग्रजी पुस्तक २००४ मध्ये काढले. शिंदे तेव्हा नव्हते. त्यातली पाने मी कितीदा उलटली असतील! हार कोणाच्या गळ्यात गेला, मोडला की राहिला, याच्याशी मग काही देणेघेणे राहत नाही. कागदावर तो पुरा आहे.

जाता जाता एक विनंती. संमेलनाच्या दिवशी चित्रकलेच्या वर्गात आपली जुनी चित्रे मांडायचे ठरले आहे. कोणाच्या माळ्यावर एलिमेंटरीच्या सरावाची संकल्पचित्रे असतील तर जरूर आणा, अर्धवट असली तरी चालतील. मागे पेन्सिलीने नाव, तुकडी आणि वर्ष लिहा. सर येणार आहेत.