सालदारी: खानदेशातील श्रमाचा सौदा

सालदारी ही खानदेशातील शेतमजुरीची जुनी पद्धत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार वर्षभरासाठी ठरतो. मोबदला पैशात आणि धान्यात मिळतो. काही रक्कम आगाऊ उचलली की ती फिटेपर्यंत मालक बदलणे अवघड होते.

हंगेरियन विचारवंत जॉर्ज लुकाच यांनी 1923 मध्ये ‘वस्तुकरण’ ही संकल्पना मांडली. बाजारी व्यवस्थेत माणसांमधले संबंध वस्तूंमधल्या संबंधांसारखे दिसू लागतात आणि ते निसर्गनियमच वाटतात, हा तिचा गाभा. सालदारीतही हेच घडते: माणसाचे अख्खे वर्ष एका रकमेत मोजले जाते. जमीन कोणाच्या हातून गेली, कर्ज का झाले, हा इतिहास त्या आकड्याआड लपतो.

खानदेशातल्याच शहादा परिसरातील भिल्ल मजुरांनी हाच इतिहास उघड केला. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने लढा उभा राहिला आणि 1972 मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी आणि माणूस म्हणून मान हे तिचे प्रश्न होते. ‘नशीब’ मानलेली स्थिती माणसांनीच घडवलेली असते आणि माणसेच ती बदलू शकतात, हे या लढ्याने सिद्ध केले.