चौपन्न क्रमांकाचा बिघाड

सॉफ्टवेअरची गुणवत्ता म्हणजे त्यातील चुकांचा अभाव, अशी व्याख्या सर्रास केली जाते. आम्हांला ती अपुरी वाटते. का, हे थेरॅक-२५ या यंत्राचा इतिहास पाहिल्यास ध्यानात येते.

अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या सरकारी कंपनीचे हे यंत्र कर्करोगावरील किरणोपचारांसाठी होते. इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत रुग्णास थेट देणे, किंवा अतितीव्र झोत धातूवर आदळवून क्ष-किरण निर्माण करणे, अशी दोन्ही कामे ते करी. तीव्र झोत आड काही न येता रुग्णावर पडू नये, यासाठी आधीच्या थेरॅक-२० मध्ये संगणकावर न विसंबणारे स्वतंत्र अटकाव बसवलेले होते. नव्या यंत्रात ते गाळून ही राखण सॉफ्टवेअरवर सोपवली गेली. ते सॉफ्टवेअर एकाच व्यक्तीने लिहिलेले होते, आणि जुन्या यंत्रांतील काही भाग त्यात तसाच उचललेला होता. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना किरणांची भयंकर अतिमात्रा मिळाली.

यांपैकी दोन घटना टेक्सासमधील टायलर येथील. मार्च १९८६ मध्ये तंत्रज्ञ बाईंच्या हातून इलेक्ट्रॉनऐवजी क्ष-किरणांचे अक्षर पडले. त्यांनी ते झटकन दुरुस्त केले. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढेच उमटले. अशा सूचना वरचेवर येत आणि त्यांचा उलगडा माहितीपुस्तिकेत नसे. बाईंनी नेहमीप्रमाणे 'पुढे चला'ची कळ दाबली. पहिल्या झोताने होरपळून उठू पाहणाऱ्या रुग्णावर दुसरा झोत पडला. काही महिन्यांनी तो मरण पावला.

कंपनीच्या अभियंत्यांना तपासणीत दोष आढळला नाही. अतिमात्रा संभवतच नाही, असे सांगून यंत्र पुन्हा सुरू झाले. एप्रिलमध्ये दुसरा रुग्ण त्याच रीतीने बळी पडला. तेव्हा रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी त्याच तंत्रज्ञ बाईंना सोबत घेऊन बिघाड मुद्दाम घडवून पाहिला. यंत्रातील चुंबके स्थिर होण्यास सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्या अवधीत केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण यंत्राच्या जुळणीत पुरती उतरत नसे. सावकाश टंकणाऱ्याला हा दोष दिसणेच शक्य नव्हते. तो सरावाने वेगवान झालेल्या हातालाच सापडणार होता.

पुढे उघड झाले की हीच चूक थेरॅक-२० च्या सॉफ्टवेअरमध्येही होती. तेथे फ्यूज उडत, यंत्र थांबे, रुग्ण सुखरूप राहत. म्हणजे एकच चूक एका यंत्रात किरकोळ त्रास ठरली आणि दुसऱ्यात मृत्यू.

नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या प्रकरणाची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली. त्यांचा रोख एखाददुसऱ्या चुकीवर नव्हता. सॉफ्टवेअरवरील अतिविश्वास, संरक्षणाची दुसरी फळी नसणे, तक्रारींचा पाठपुरावा न होणे, ही कारणे त्यांनी पुढे ठेवली. आम्हांला त्यांत शेवटचे सर्वांत मोलाचे वाटते. अंगाची आग झाल्याचे रुग्ण पहिल्या दुर्घटनेपासून सांगत होते. त्यांच्या सांगण्यापेक्षा कागदावरील गणित खरे मानले गेले. चूक प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असणार. ती सांगणाऱ्याचे ऐकून घेण्याची सोय ज्या व्यवस्थेत नाही, तिच्या सॉफ्टवेअरला गुणवान म्हणण्यास आमचे मन धजत नाही.