पोलादी गोळ्याचं नातवंड

हिंगोलीत मेट्रो नाही. लवकरच येईल असं कुणी सांगू लागला, तर तो निवडणुकीला उभा आहे असं खुशाल समजावं. तरीही चालकाविना धावणाऱ्या गाडीचं कूळ शोधायला हिंगोलीहून निघायला हरकत नाही.

इथून जाणारा अकोला–पूर्णा मार्ग 2008 साली ब्रॉडगेज झाला. त्याआधीच्या मीटरगेज जमान्यात अशा एकेरी मार्गांवर गाडी हलायची ती टोकनवर. टोकन म्हणजे बहुतेकदा क्रिकेटच्या चेंडूएवढा पोलादी गोळा. स्टेशन मास्तरांच्या खोलीतलं यंत्र पुढच्या स्टेशनच्या यंत्राशी तारेनं जोडलेलं असे. पलीकडच्या मास्तरांनी घंटी देऊन संमती दिली की एकच गोळा बाहेर पडे, आणि तो परत यंत्रात जाईपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नसे. गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कडीला. गाडी थांबणार नसेल तर पॉइंट्समन फलाटाच्या टोकाशी कडी उंच धरून उभा राही. इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ती धावत्या गाडीतून दंडात अडकवून घेई आणि आधीची खाली भिरकावी.

म्हणजे ड्रायव्हर कितीही मुरलेला असो, पुढे जायचं की नाही हे त्याच्या हाती नव्हतंच.

या शहाणपणामागे रक्त सांडलेलं आहे. 1874च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये नॉरविचजवळच्या थॉर्प इथं, तारेवरच्या निरोपाच्या घोळामुळे दोन गाड्या एकाच रुळावर समोरासमोर आल्या. 25 माणसं गेली. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी 1878 साली विजेच्या कुलपाचं टोकन-यंत्र काढलं. आपला गोळा त्याच घराण्यातला.

पुढे गोळा गेला, परवानगी राहिली. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर 1968 साली ती रुळांतून विजेच्या इशाऱ्यांनी थेट गाडीला मिळू लागली. चालकानं दारं लावायची आणि दोन बटणं दाबायची. 1981 साली जपानमध्ये कोबेला आणि 1983 साली फ्रान्समध्ये लीलला तोही उतरला. कॅनडात 1985 साली टोरांटो आणि व्हँकूव्हरच्या हलक्या रेल्वेवर आणखी मोठी उडी पडली: दोन ठिकाणांमधला ठरावीक टप्पाच गेला. पुढची गाडी नेमकी कुठे आहे ते पाहून संगणक मागच्या गाडीची हद्द क्षणाक्षणाला नव्यानं आखू लागला.

1987च्या मार्चमध्ये लंडनच्या अशाच चालकरहित डॉकलँड्स लाइट रेल्वेची एक गाडी चाचणीत अडसर तोडून उंच मार्गाच्या टोकाला लोंबकळली. यंत्राला नावं ठेवायची घाई करू नये. त्या वेळी गाडी माणूस चालवत होता.

भारतात पहिली चालकरहित गाडी 28 डिसेंबर 2020 रोजी दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर धावली. मुंबईच्या 2अ आणि 7 या मार्गांवर एप्रिल 2022मध्ये आलेल्या गाड्याही चालकाविना धावण्याच्या तयारीनंच बनवलेल्या, पण सुरुवात चालक बसवूनच झाली. डॉकलँड्सच्या गाड्यांना चालकाची केबिन नाही. तरी प्रत्येक गाडीत एक कर्मचारी असतो, आणि दारं बंद करायचं काम त्याच्याचकडे आहे.