स्वस्तातला कॅमशाफ्ट आणि मामांची वही

बेळगावच्या जुन्या आठवणी इथं सगळे लिहितात, पण गॅरेज-कारखान्यांचं फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून आज उद्यमबागेतली एक गोष्ट सांगतो. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

निमित्त झालं पुतण्याचं. त्याच्याकडं जुनी एस्टीम आहे, कार्बोरेटरवाली, १२९८ सीसीची. गेल्या रविवारी मोबाईल पुढं धरून म्हणाला, "काका, हे तीन कॅमशाफ्ट बघा. हा निम्म्या किमतीत मिळालाय. घालूया काय? गाडी उडेल की!" मी फोटो बघितला आणि चाळीस वर्षं मागं गेलो. हाच प्रश्न, अगदी याच शब्दांत, आमच्या मामांच्या शेडमध्ये मी ऐकला होता. त्याचं उत्तर मामांना फार महाग पडलं होतं.

आधी थोडा इतिहास. बेळगाव आणि लोखंड यांचं नातं जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते आपल्याच गावात. कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, सगळ्याची सुरुवात इथली. पुढं जागेच्या अडचणीमुळं १९१० मध्ये ते औंध संस्थानात गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, पण हात इथंच राहिले असं आमचे मामा म्हणायचे. नंतर खानापूर रोडला उद्यमबाग झाली, तेव्हा फाउंड्री, लेथ, ग्राइंडर, हायड्रॉलिकवाले असे सगळे एकमेकांना लागून बसले. मराठी मालक, कन्नड टर्नर, किंवा त्याच्या उलट. शेडमध्ये बोलणं दोन्ही भाषांतनं चालायचं, आणि शिव्याही दोन्हीतल्या.

मामांचं काम गाड्यांच्या इंजिनाचं, त्यातही फियाटचं, म्हणजे पुढं जिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं तिचं. इंजिन १०८९ सीसीचं, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्यावर टॅपेट, मग पुशरॉड, मग वर रॉकर. साधं आणि सोशिक इंजिन. गंमत अशी की याच घराण्याचं ११०० चं इंजिन घेऊन इटलीत स्टॅन्गेलिनीवाल्यांनी १९५८ पासून फॉर्म्युला ज्युनियरच्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या होत्या. म्हणजे इंजिनात दम होता. तिकडं त्यासाठी वेगवेगळे कॅमशाफ्ट तयार मिळत. आपल्याकडं १९९१ च्या आधी असला माल आणायचा म्हणजे आयातीचा परवाना, जकात आणि ओळखीचा माणूस, तिन्ही लागायचं. आमच्याकडं होतं ते एका जुन्या इंग्रजी मासिकातलं चित्र.

मग करायचे काय? जुनाच शाफ्ट घासायचा.

ज्यांना यंत्रातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅमशाफ्ट हा इंजिनाचा नाडीवाला. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक होतो. याच्यावरच्या अंडाकृती उंचवट्यांनी व्हॉल्व्ह उघडतात. किती उघडायचे ती लिफ्ट, आणि किती वेळ उघडे ठेवायचे तो कालावधी, तो अंशात मोजतात. उंचवट्याचं टोक तसंच ठेवून त्याची गोल पाठ अर्धा मिलिमीटर खाली घेतली, तर लिफ्ट अर्धा मिलिमीटर वाढते आणि व्हॉल्व्ह उघडा राहायचा वेळही वाढवता येतो. नवीन लोखंड नको, नवीन शाफ्ट नको. फक्त ग्राइंडरवाला हुशार पाहिजे आणि नमुन्याचा मास्टर कॅम अचूक पाहिजे. पाठ खाली गेली की टॅपेटही खाली बसतं. ती फट रॉकरच्या स्क्रूनं भरून काढायची, नाहीतर पुशरॉड लांब करायचा.

आमचा ग्राइंडरवाला म्हणजे अण्णा. बैलहोंगलकडचा, पक्का कन्नड माणूस. मराठी बोलायचा, पण आकडे मात्र कन्नडमध्येच मोजायचा. घासून झालं की बारीक कानस घेऊन उंचवट्यावर हलकेच फिरवायचा. कानस सरकून गेली तर पृष्ठभाग अजून कडक आहे. कानस चावली तर कडक थर संपला, तो शाफ्ट भंगारात. हे त्याचं मशीन, हीच त्याची प्रयोगशाळा.

१९८६ च्या सुरुवातीला जीआयटीत शिकणारा एक पोरगा मामांकडं आला. त्याला मद्रासजवळच्या शोलावरमला पद्मिनी पळवायची होती. शोलावरम म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी. तिथं मोटारींच्या शर्यती व्हायच्या, लांब सरळ पट्टे, गाडी सतत वरच्या आर. पी. एम. वर. मामांनी आणि अण्णांनी त्याच्यासाठी शाफ्ट घासला. टायमिंग लावायला पदव्या कोरलेली तबकडी नव्हती, म्हणून माझ्या कंपासपेटीतला कोनमापक पत्र्यावर चिकटवून क्रँकला लावला. तो कोनमापक मला परत मिळाला नाही, गणिताच्या मास्तरांचा मार मात्र मिळाला. व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो का ते बघायला पोरांच्या खेळातली रंगीत माती पिस्टनवर ठेवून इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं, हेड काढलं, मातीची जाडी मोजली. टॅपेट नवे, स्प्रिंग जरा कडक.

पोरगा जिंकला नाही. पण शर्यत पुरी केली आणि गाडी स्वतःच्या पायावर परत आली. उद्यमबागेत आठवडाभर तीच चर्चा. तिचा आवाज असा की आयडलिंगला उभी असली तरी गडी थांबून बघायचे.

तो आवाज एका भाडेवाल्यानं ऐकला. त्याची पद्मिनी बेळगाव–सावंतवाडी चालायची, आंबोली घाटातनं. म्हणाला, "मामा, माझ्या गाडीला पण तसलाच शाफ्ट घाला. घाटात मागं पडतीया." मामांनी विचार केला, मास्टर तयार आहे, त्याच सेटिंगवर दुसरा शाफ्ट निघेल, स्वस्तात होईल. भाडेवाल्याकडं पैसे बेताचे होते, म्हणून जुनेच टॅपेट साफ करून घालायचं ठरलं. अण्णा तेवढा म्हणाला, "बेड री मामा." म्हणजे नको हो. पण गिऱ्हाईक दारात उभं होतं, आणि खरं सांगायचं तर शोलावरमची हवा मामांच्या डोक्यात थोडी गेलीच होती.

चूक दोन ठिकाणी झाली. पहिली शाफ्टच्या निवडीत. शर्यतीचा शाफ्ट इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो. इंजिन जोरात फिरत असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, ती उशिरापर्यंत शिरत राहते, ताकद वाढते. पण भरल्या गाडीनं सेकंडवर घाट चढताना इंजिन सावकाश फिरतं. तेव्हा पिस्टन वर येताना आत आलेला चार्ज परत कार्बोरेटरकडं ढकलला जातो. म्हणजे जिथं जोर पाहिजे नेमकं तिथंच गाडी मेली. ड्रायव्हर क्लच दाबून रेस देऊन चढवायचा, त्यात क्लच प्लेट जळाली. पेट्रोल जास्त लागायला लागलं ते वेगळंच.

दुसरी चूक टॅपेटची. शाफ्ट आणि टॅपेट एकमेकांवर बसून झिजतात, त्यांची जोडी जमते. नव्यानं घासलेल्या उंचवट्यावर दुसऱ्या शाफ्टवर झिजलेलं टॅपेट घातलं की एकमेकाला खातात. तीन महिन्यांत दोन उंचवटे बसले. लोखंडाची भुकटी ऑईलमधनं बेअरिंगपर्यंत गेली. गणपतीच्या तोंडावर, कोकणात जाणाऱ्यांची झुंबड असताना, गाडी आंबोलीच्या वळणावर उभी राहिली ती राहिलीच.

ते वर्ष कसलं होतं हे आपल्यातल्या जाणत्यांना सांगायला नको. जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं होतं. गावात तणाव होता, पुढंही बरेच दिवस माणसं एकमेकांशी जपून बोलायची. त्या दिवसांत मामा ती गाडी ओढून शेडमध्ये घेऊन आले. भाडेवाला काही बोलला नाही, नुसता पायरीवर बसून राहिला. त्याचा सीझन गेला होता. मामांनी नवा कंपनीचा शाफ्ट, नवे टॅपेट, बेअरिंग, क्लच प्लेट सगळं आपल्या पैशानं घातलं. त्या पैशातनं एक जुना लेथ घ्यायचं ठरलं होतं. तो लेथ शेवटपर्यंत आला नाही. शेड जेवढी होती तेवढीच राहिली.

अण्णा संध्याकाळी आला. बाहेर शटर अर्धं ओढलेलं. शाफ्ट घासायचे घेतलेले पैसे त्यानं टेबलावर ठेवले. मामा म्हणाले, "तू तर नको म्हणाला होतास." अण्णा म्हणाला, "म्हटलो, पण घासला मीच की." पैसे काही त्यानं परत उचलले नाहीत. रात्री बारापर्यंत दोघं मिळून इंजिन बांधत होते. भाषेवरनं गावात जे चाललं होतं त्याबद्दल त्या रात्री एक शब्द निघाला नाही, हे मी तिथं बसून बघितलंय.

त्यानंतर मामांनी वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहिले. कुणीही शाफ्ट मागायला आला की आधी हे विचारायचे:

१. गाडी कुठं पळणार? घाटात, गावात की सरळ रस्त्यावर?
२. टॅपेट आणि रॉकर नवे घालायला पैसे आहेत काय?
३. स्प्रिंग दाबली तर वेटोळी एकमेकांना भिडत नाहीत ना, आणि व्हॉल्व्हला पिस्टनपासून जागा आहे ना?
४. नाही जमलं तर परत मूळचा बसवायला पैसे उरतील काय?

चौथा प्रश्न ऐकून निम्मे गिऱ्हाईक परत जायचे. मामा म्हणायचे, "जाऊदे की. परत आला असता तर जास्त वाईट."

पुढं काळ बदलला. मारुती आली, कॅमशाफ्ट ब्लॉकमधनं उठून हेडवर गेला. १९९२ मध्ये सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स सुरू झाली आणि जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांना लागणारे शाफ्ट आपल्या सोलापुरातनं जायला लागले. मामांना त्याचं भारी कौतुक. आता तर घरबसल्या मागवता येतं. पण वहीतले प्रश्न बदलले नाहीत, हे मी पुतण्याला सांगितलं.

त्याला म्हटलं, जाहिरातीतल्या अंशांवर भुलू नको. कुणी व्हॉल्व्ह जरा हलल्यापासून मोजतो, कुणी एक मिलिमीटर उचलल्यावर. एकाच शाफ्टचे हे दोन आकडे चाळीस-पन्नास अंशांनी वेगळे येऊ शकतात. तेव्हा मोजमाप एकच धरून तुलना कर. विकणाऱ्याकडं टायमिंगचा कागद माग: व्हॉल्व्ह कधी उघडतो, कधी बंद होतो, लिफ्ट किती, फट किती ठेवायची. घासलेला शाफ्ट असला म्हणून वाईट नसतो, पण पाठ किती खाली घेतलीय आणि कडकपणा तपासलाय का ते विचार. तुझ्या रॉकरला स्क्रू आहेत, थोडी फट भरून निघेल, पण रॉकरचा घासणारा भाग झिजलेला असेल तर तोही बदल. बसवताना उंचवट्यांना पेस्ट लाव. आणि सगळ्यात आधी कॉम्प्रेशन तपासून घे. इंजिनच थकलं असेल तर नवा शाफ्ट घालून काय उपयोग?

पोरानं तिघांनाही लिहिलं. सर्वात स्वस्तवाल्यानं "एकदम पॉवरफुल आहे सर" एवढंच कळवलं. दुसऱ्याचं उत्तरच नाही. तिसऱ्यानं कागद पाठवला, आणि स्वतःहून विचारलं, गाडी कुठं चालवता? पुतण्यानं सांगितलं, रोज गावात, महिन्यातनं एकदा पुण्याला, रविवारी आंबोली. त्यानं सौम्य शाफ्ट सुचवला, मूळच्यापेक्षा थोडासाच वेगळा. किंमत मधली. दरम्यान कॉम्प्रेशन बघितलं तर एक सिलिंडर कमी निघाला. म्हणून आधी व्हॉल्व्ह घासायचं काम, शाफ्ट दिवाळीनंतर. पोरगा जरा हिरमुसला, पण ऐकला.

मामा आता नाहीत, अण्णाही नाही. वही माझ्याकडं आहे, पानांना अजून ऑईलचा वास येतो. उद्यमबागेत त्या काळात काम केलेल्यांची मुलं-नातवंडं इथं असतील तर त्यांनी जरूर लिहावं, मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये. शेडचे, मशीनचे जुने फोटो असले तर टाका. आणि तो शोलावरमला गेलेला जीआयटीचा पोरगा, आता साठीचा झाला असेल, हे वाचत असला तर त्याला एवढंच सांगायचंय: माझ्या कोनमापकाचे पैसे बाकी आहेत.