खोक्यातले मासे



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त झालं नातवाचं. दिवाळीच्या सुट्टीत तो दादरहून गिरगावात राहायला आला आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "आजी, आजोबांच्या कॉम्प्युटरचं खोकं मला देशील? त्यात मासे पाळायचेत."

मी नुसती बघतच राहिले. हे खोकं म्हणजे ह्यांनी २००४ साली लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेला कॉम्प्युटर. चार दुकानं हिंडून, भाव करून एकेक भाग गोळा केला आणि टॅक्सीत मांडीवर घेऊन घरी आले. त्यावरच मी देवनागरी टंकायला शिकले. तुम्ही वाचता ते हे सगळं लिखाण त्यावरच सुरू झालं. तो बंद पडूनही बरीच वर्षं झाली आणि ह्यांना जाऊनही. पण कोपऱ्यात, मी शिवलेल्या कव्हराखाली, तो होता. "विचार करून सांगते," म्हटलं. मास्तरणीची जुनी सवय, नाही म्हणायचं नसलं की असं म्हणायचं.

नातवाने मग मला या प्रकाराचा इतिहास दाखवला. काही त्याने सांगितला, काही मी शोधला. कॉम्प्युटरच्या खोक्यात मासे ही काही आजची टूम नाही. अमेरिकेत अँडी इहनाट्को नावाचे कॉम्प्युटरवर लिहिणारे एक गृहस्थ आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मॅकिन्टॉशची जुनी मशीनं निकामी होऊ लागली तेव्हा, त्यांनी आतलं सगळं काढून तिथे काचेची टाकी बसवली. पडद्याच्या जागी मासे! त्याला नाव दिलं 'मॅक्वेरियम', आणि कसं करायचं ते लिहून सर्वांना फुकट वाटलं. टाकाऊतून टिकाऊ. आपल्याकडे शाळेत कार्यानुभवाच्या तासाला याहून वेगळं काय शिकवायचो आम्ही?

दुसरा प्रकार मात्र उलटा. त्यात टाकी खरी आणि मासे खोटे. अमेरिकेतल्याच प्युजेट सिस्टिम्स या कंपनीने २००७ साली अख्खा चालू कॉम्प्युटर काचेच्या मत्स्यपेटीत बुडवून दाखवला. पाण्यात नव्हे, खनिज तेलात. या तेलातून वीज वाहत नाही, पण उष्णता वाहून जाते. शोभेला बुडबुडे आणि प्लास्टिकचे मासे. त्याच्याही आधी, १९८५ साली, क्रे-२ नावाच्या महासंगणकाचे सर्किट बोर्ड अशाच वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले होते. काचेआडून तो द्रव खळखळताना दिसे, म्हणून त्याचं टोपणनाव 'बबल्स' पडलं होतं. यंत्र जितकं वेगवान तितकं तापतं, आणि ताप बाहेर काढला नाही तर बंद पडतं. एवढंच त्यातलं गणित.

माशांचं गणितही फार वेगळं नाही, फक्त तिथे तापाऐवजी घाण असते. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८५० साली एक प्रयोग केला. बारा गॅलन पाण्याच्या काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची कुजकी पानं पाणी नासवू लागली, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि पाणी निवळलं. मासा, वनस्पती, गोगलगाय अशा तिघांचा संसार जुळला. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं दालन उघडलं आणि १८५४ मध्ये फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने 'अॅक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला.

आपल्या मुंबईत मात्र या दोन्ही पेट्या जवळपास एकाच सुमारास आल्या. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलं. खर्च आला आठ लाख रुपये, त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्याने दिले, म्हणून त्यांचं नाव. माझा जन्मही १९५१ चा, त्यामुळे मला ते नेहमी बरोबरीचं वाटत आलंय! आणि तिथून दक्षिणेला कुलाब्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आर. नरसिंहन आणि त्यांचे तरुण सहकारी देशात बनलेला पहिला मोठा संगणक उभारत होते. १९६० साली तो चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. रेडिओतला एक व्हॉल्व्ह किती तापायचा ते आमच्या पिढीला माहीत आहे. अडीच हजारांवर एका खोलीत म्हणजे काय ते बघा. मी तेव्हा चाळीतल्या मुलांबरोबर चर्नी रोडचा पूल ओलांडून मासे बघायला जात होते. संगणकाची गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही.

पुढे मी परळच्या शाळेत शिकवू लागले आणि दर वर्षी मुलांना तारापोरवालाला नेऊ लागले. बहुतेक मुलं गिरणी कामगारांची. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. त्या वर्षी सहलीचे पैसे कुणीच आणले नाहीत, आणि मागायचं धाडस मलाही झालं नाही. सहल रद्द झाली. एका रविवारी मी पाच मुलांना घेऊन एल्फिन्स्टन रोडहून गाडी पकडली. पाचच, कारण माझ्या पगारात तेवढंच बसत होतं. त्यातला एक जण एका टाकीपुढून हलेचना. शेवटी म्हणाला, "बाई, यांना रोज खायला कोण देतं?" मी सांगितलं, सरकारी माणसं देतात. तो पुढे काही बोलला नाही. घरी काय चाललं होतं ते मला माहीत होतं. वर्गातली बाकीची मुलं मात्र राहिली ती राहिलीच. त्याची रुखरुख अजून आहे.

असो. खोकं मी दिलं.

पण अटी घातल्या. पहिली, वीजपुरवठ्याचा डबा उघडायचा नाही. बंद असला तरी आतले कपॅसिटर झटका देऊ शकतात. तो आख्खाच बाहेर काढला. दुसरी, पाणी थेट पत्र्यात भरायचं नाही, गंजेल. काचवाल्याकडून चौदा इंच लांब, सात इंच रुंद, दहा इंच उंच अशी टाकी करून घेतली. घनफळ मी काढलं: ९८० घन इंच, म्हणजे साधारण सोळा लिटर. नुसतं पाणीच सोळा किलो! म्हणून तिवईऐवजी भक्कम लाकडी पेटीवर ठेवायचं ठरलं. खोक्याच्या एका बाजूचा पत्रा कापून खिडकी केली. काचा सिलिकॉनने चिकटवल्या. दोन दिवस घरभर व्हिनेगरसारखा वास. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे ओघळ आला तर थेंब खालीच पडेल. आणि गंमत म्हणजे आजोबांच्या कॉम्प्युटरचा पंखा साफ करून बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर पाण्याच्या वर बसवला. वाऱ्याने पाण्याची वाफ होते आणि पाणी एक-दोन अंशांनी गार राहतं. जो पंखा माझी पत्रं आणि लेख लिहिताना घरघरायचा, तो आता माशांसाठी घरघरतो.

चूक पुढे झाली. क्रॉफर्ड मार्केटमधून पाच गप्पी आणले आणि दुसऱ्याच दिवशी सोडले. पाणी आरशासारखं स्वच्छ. चौथ्या दिवशी दोन मासे मेले. नातू अगदी रडवेला झाला. "आजी, पाणी तर स्वच्छ होतं ना?" तेच तर! नव्या टाकीत माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणूच नसतात. ते वाढायला चार-सहा आठवडे लागतात, तोवर स्वच्छ दिसणारं पाणी विषारी असू शकतं. मग आम्ही रोज थोडं थोडं पाणी बदललं, नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवून क्लोरीन उडू दिला, वनस्पती लावली आणि खाणं अर्धं केलं. आता उरलेले तिघे नीट आहेत. वॉरिंग्टनला जे १८५० मध्ये कळलं, ते आम्हाला दोन मासे गमावून कळलं. पेटी दोन दिवसांत होते. तिच्यात जगता येईल असं पाणी व्हायला वेळ लागतो.

तारापोरवालाचंही मला तसंच वाटतं. २०१५ साली नूतनीकरण होऊन बारा फुटी काचबोगदा झाला, तेव्हा याच नातवाला घेऊन गेले होते. २०२० च्या टाळेबंदीत दारं बंद झाली. मग इमारतच जीर्ण झाल्याचं निघालं आणि मत्स्यालय बंदच राहिलं. नवी इमारत बांधणं अवघड नाही. पण दर वर्षी कुठल्यातरी शाळेची रांग तिथे नेणारी सवय मोडली, तर ती पुन्हा लागायला किती वर्षं जातील?

शेजारची पहिलीतली मुलगी रोज शाळेला जाण्याआधी येऊन तीन मासे मोजते. परवा विचारलं, "आजी, यांना खायला कोण देतं?" म्हटलं, "तू देशील?" तिला चिमूटभर खाणं दिलं. चिमूटभरच, जास्त नाही. तिच्या वर्गातली बाकीची मुलंही बघायला येऊ देत असं मी तिच्या आईला सांगितलंय. एका वेळी पाच, आमची खोली लहान आहे. पण या वेळी सगळ्यांची पाळी येईल.

चला, आज पाणी बदलायचा दिवस आहे.