जलदूत, घाना आणि नांदेडची एक केबल

ज्यांचे इअरफोन एसटीत हरवलेत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना झालेलं 'अं, अं' काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

एका ऐकणाऱ्याचा मेसेज आला होता. "दादा, आमच्या ऑफिसचा सर्व्हर बसला. बॅकअप होता म्हणून साहेब निवांत होते. पण सगळं परत यायला चार दिवस लागले. बॅकअप असताना एवढा वेळ का?" प्रश्न कॉम्प्युटरचा आहे, पण उत्तरासाठी मला आधी लातूरच्या रेल्वे स्टेशनवर जावं लागेल. चला.

१२ एप्रिल २०१६, पहाट. त्या उन्हाळ्यात लातूर शहर काय भोगत होतं ते तिथल्या पोरांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांना सांगतो. मांजरा धरण कोरडं पडलेलं. नळ विसरूनच जा. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ आणि टँकर भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. कलम १४४, तेही पाण्यासाठी! आणि त्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातुरात शिरली. 'जलदूत'. दहा वाघिणी, एकेकीत साधारण पन्नास हजार लिटर, म्हणजे सगळं मिळून पाच लाख लिटर. मिरज ते लातूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आदल्या दिवशी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे पोचली.

आता गणित करा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे त्या पहिल्या गाडीतून माणशी सव्वा-दीड लिटर पाणी आलं. एक बिसलेरीची बाटली.

टीव्हीवर सगळ्यांनी गाडी दाखवली. गाडीला हार, गाडीवर बॅनर, गाडीसमोर पुढारी. मला मात्र त्या गाडीची दोन टोकं जास्त महत्त्वाची वाटतात. वाघिणी पन्नास होत्या. राजस्थानातल्या कोट्याला त्या वाफेने धुऊन स्वच्छ केल्या होत्या. पण पहिल्या खेपेला दहाच भरून सुटल्या, कारण मिरजेच्या यार्डात पन्नास वाघिणी झटपट भरायची सोय अजून उभी राहायची होती. ती झाल्यावर एका खेपेला पंचवीस लाख लिटर यायला लागलं. आणि लातूरच्या टोकाला? वाघिणीतलं पाणी स्टेशनजवळच्या विहिरीत उतरवायचं, तिथून पंपाने हरंगुळच्या जलशुद्धीकरण केंद्रात न्यायचं, तिथून टँकरमध्ये, आणि टँकरमधून तुमच्या आईच्या घागरीत. गाडी कितीही जोरात पळाली तरी यातला जो टप्पा सगळ्यात अरुंद, त्याच्याच वेगाने घागर भरणार.

बॅकअपमधून डेटा परत आणणं, ज्याला आमच्या धंद्यात रिस्टोअर म्हणतात, ते अगदी हेच आहे. पाण्याच्या जागी डेटा. बॅकअपच्या डिस्कवरून वाचायचा, उघडायचा, नेटवर्कवरून न्यायचा, नव्या सर्व्हरच्या डिस्कवर लिहायचा. मिरज, रूळ, विहीर, हरंगुळ, टँकर. कॉम्प्युटरवाल्यांमध्ये फार जुना विनोद आहे की टेपांनी भरलेली मोटार रस्त्यावरून पळत असेल तर तिच्या वेगाशी तुमच्या केबलने स्पर्धा करू नये. लोकांनी हा विनोद खराच करून दाखवला. जलदूत धावली त्याच २०१६ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनने 'स्नोमोबाईल' जाहीर केली. एक भलामोठा ट्रक, त्यावर ४५ फुटी कंटेनर, आत १०० पेटाबाईट डेटा मावेल एवढ्या डिस्क. इंटरनेटवरून न्यायला वर्षं लागतील तो डेटा रस्त्याने न्यायचा. अमेरिकेतली जलदूत म्हणा ना.

आता पुढचं वर्ष. २७ जून २०१७. आपल्याच महाराष्ट्रात, उरणजवळच्या न्हावा-शेवाला, जेएनपीटी बंदरात, गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलची यंत्रणा अचानक बसली. तिथे मुंग्यांसारखे कंटेनर हलत असतात, आणि कुठला कंटेनर कुठे ठेवलाय ते कॉम्प्युटरलाच माहीत. टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातलं. त्या दिवशी मर्स्कच्या जगभरातल्या ऑफिसांमधले कॉम्प्युटर एकामागून एक काळे पडत गेले. कारण होतं 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस. युक्रेनमध्ये हिशेबाचं एक सॉफ्टवेअर वापरतात, त्याच्या अपडेटमधून तो सुटला होता. खंडणी मागायचं सोंग, पण पैसे दिले तरी काही परत मिळणार नव्हतं. फक्त पुसून टाकणं एवढंच काम.

मर्स्ककडे बॅकअप नव्हते असं नाही. वेगवेगळ्या सर्व्हरचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप सापडले. अडलं ते डोमेन कंट्रोलरवर. हा काय प्रकार? गावात चावडीवर जसं दप्तर असतं ना, कोण कुठला, कोणाला कशाचा अधिकार, तसं कंपनीच्या सगळ्या नेटवर्कचं दप्तर या मशीनमध्ये असतं. ते नसेल तर बाकीचे सर्व्हर परत आणूनही एकमेकांना ओळखत नाहीत. मर्स्ककडे अशी सुमारे दीडशे मशीन होती आणि प्रत्येकात दुसऱ्याची प्रत. दीडशे प्रती आहेत म्हटल्यावर वेगळा बॅकअप कशाला, असा हिशेब. पण सगळ्या प्रती एकाच तारेला जोडलेल्या, त्यामुळे सगळ्या एकाच वेळी पुसल्या गेल्या.

एक सोडून. आफ्रिकेत घानामधल्या ऑफिसात हल्ल्याच्या आधी लाइट गेली होती! मशीन बंद, नेटवर्कपासून तुटलेलं, म्हणून वाचलं. लोडशेडिंगचे असे उपकार आपण मराठवाड्यात जन्मभर भोगलेत, पण जगातली एवढी मोठी कंपनी त्यावर तरावी, हे जरा भारीच.

आणि आता तो प्रश्न, जो आपल्या मेसेजवाल्या मित्राने विचारलाय. डेटा सापडला, पण परत आणायचा कसा? सावरण्याचं काम चाललं होतं इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या मेडनहेडला. घानाच्या ऑफिसची लाइन इतकी बारीक की काही शे जीबीचा तो डेटा पाठवायला कित्येक दिवस गेले असते. तुम्हीच करून बघा: समजा ५०० जीबी आहे आणि लाइन १० एमबीपीएसची. साडेचार दिवस, तेही मध्ये एकदाही न तुटता. मग ठरलं की माणूसच पाठवू. तर घानातल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी घानाचा माणूस हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो दुसरा साडेसहा तासांचं विमान पकडून लंडनला पोचला. पुढे मर्स्कचे अध्यक्ष जिम हेगेमन स्नाबे यांनी २०१८ च्या जानेवारीत दावोसमध्ये जाहीरपणे सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० कॉम्प्युटर आणि २,५०० ॲप्लिकेशन्स पुन्हा बसवावी लागली. कंपनीचा तोटा २५ ते ३० कोटी डॉलर.

मला या गोष्टीत विमानापेक्षा ती बारीक लाइन जास्त छळते. हल्ल्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती लाइन पुरत होती! रोज थोडा थोडा बदल जायचा, यायचा, कुणाची तक्रार नव्हती. बॅकअप घेताना आपण घोट घोट घेतो. रिस्टोअरला अख्खी घागर एकदम लागते. म्हणून वाटेतला अरुंद गळा बॅकअपच्या वर्षानुवर्षांच्या हिरव्या टिकमार्कात कधी दिसतच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. नांदेडला एका संस्थेत मी सपोर्टचं काम बघत होतो तेव्हाची गोष्ट. सर्व्हरच्या डिस्क गेल्या. बॅकअप व्यवस्थित, आदल्या रात्रीचा. एकूण डेटा १.८ टीबी. शुक्रवारी संध्याकाळी रिस्टोअर लावला, आणि स्क्रीनवर वेळ दिसली: ४५ तास. सोमवारी सकाळी काउंटर उघडायचं होतं, आणि काउंटरसमोर पेन्शन घ्यायला म्हातारी माणसं येणार होती. पोटात गोळा आला राव.

पहिला तासभर मी सॉफ्टवेअरलाच शिव्या देत बसलो. सेटिंग बदल, रीस्टार्ट कर, परत सेटिंग बदल. मग एका सीनियर काकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे बाबा, अंदाज बांधू नको. एकेक टप्पा वेगळा मोज." मोजला. बॅकअपच्या डिस्कवरून मोठी फाइल त्याच मशीनवर वाचली, वेग झकास. नव्या सर्व्हरच्या डिस्कवर लिहून बघितलं, तेही झकास. मग तीच फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर नेटवर्कने पाठवली: सेकंदाला ११ एमबी. हा आकडा ओळखून ठेवा मंडळी. गिगाबिटच्या लाइनवर शंभर-एकशे दहा मिळायला हवेत. अकरा-बाराला अडकलं की समजायचं लाइन १०० एमबीपीएसवर उतरलीय. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात, त्यातली एक मोडली की स्विच गपगुमान कमी वेगावर येतो. ना लाल दिवा, ना एरर. टेबलाच्या पायाखाली दबलेली केबल होती. बदलली. ४५ तासांचे साडेचार तास दिसायला लागले.

रोजचा बॅकअप त्याच केबलवरून जात होता बरं का. रोजचे बदल वीस जीबीचे, अर्ध्या तासात उरकायचे. कुणाला काय कळणार?

पण मी खूश झालो ते थोडा वेळच. डेटाबेस झरझर आला, आणि मग सुरू झाले स्कॅन केलेले कागद. लाखो छोट्या फाइली. वेग पुन्हा दोन-तीन एमबीवर. एक मोठं पोतं उचलणं आणि तेवढेच हरभरे एकेक करून उचलणं यात जो फरक, तोच. वर नव्या सर्व्हरचा अँटिव्हायरस प्रत्येक हरभरा फोडून बघत होता. बॅकअपची तपासणी वेगळी झालेली होती, म्हणून तेवढ्या फोल्डरपुरती ती थांबवली आणि एकाऐवजी सहा-सात धारा समांतर सोडल्या. थोडा फरक पडला, फार नाही. शेवटी काकांनीच विचारलं, "सोमवारी काउंटरला जुने स्कॅन लागतात का?" नव्हते लागत. चालू वर्षाची खाती, सह्यांचे नमुने, बस. ते आधी आणलं. बाकीचं मागून येत राहिलं. लातुरातही गाडीचं पाणी शहरभर एकदम पोचलं नव्हतं. मर्स्कनेही आधी दप्तर आणलं, मग बाकीचं.

अजून एक कारण आहे, थोडक्यात सांगतो. जागा वाचवायला बॅकअपवाले एकसारखे तुकडे एकदाच ठेवतात आणि बाकी ठिकाणी फक्त खूण करतात. परत आणताना ते विखुरलेले तुकडे शोधून जुळवावे लागतात. त्यात पूर्ण बॅकअप सहा महिन्यांपूर्वीचा आणि त्यावर रोजच्या बदलांची माळ असेल तर प्रत्येक मणी ओवावा लागतो. आणि टेपवर ठेवलं असेल तर ती वाचणारं यंत्र अजून आहे का, हेही बघा. एलटीओ टेपचं नवं यंत्र फार जुन्या पिढीची टेप वाचत नाही. २०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा कागद दप्तरात होते, पण ते मोडीत आणि उर्दूत. मग मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध. घरोघरी आजोबांच्या ट्रंकेत असे कागद पडलेत, बघा एकदा.

सोमवारी काउंटर दहाला उघडलं. स्कॅन मंगळवारी रात्री संपले. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एका रविवारी आम्ही अख्खा डेटा दुसऱ्या मशीनवर खरोखर परत आणून घड्याळ लावायचो. पहिल्या वेळी नऊ तास लागले, साहेब वैतागले, आणि नवा स्विच मंजूर झाला.

पुढच्या भागासाठी एक काम आहे. १२ एप्रिलच्या त्या पहाटे तुमच्यापैकी, किंवा तुमच्या घरातल्यांपैकी, लातूर स्टेशनवर कोण होतं? त्या विहिरीवर पाइप धरून कोण उभं होतं? गाडी सगळ्यांनी दाखवली, पाइप धरणारे कुणी दाखवले नाहीत. व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, मी वाट बघतोय.